माफी कोणाच्या पदरची?

१२ फेब्रुवारी हा मुलांच्या हाती शस्त्र देण्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय दिवस. बालहक्क कराराला जोडलेली सशस्त्र संघर्षाविषयीची पुरवणी २००२ साली याच तारखेला अमलात आली आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना लढाईत उतरवायचे नाही हे जगाने निदान कागदावर तरी कबूल केले. या दिवशी ठिकठिकाणची शाळकरी मुले तळहाताला लाल रंग लावून कागदावर ठसे उमटवतात, ते कागद पुढाऱ्यांकडे धाडले जातात, भाषणे होतात. भाषणांतले मूल नेहमी निरागस असते, आणि तोवर कोणाचा कोणाशी वाद नसतो. त्याच मुलाने माणसे मारली, गाव पेटवले असे म्हटले की मात्र लोक दोन बाजूंना बसतात. एक बाजू म्हणते, लेकरू होते ते, सोडा त्याला. दुसरी म्हणते, आमचे मेले त्यांचे काय?

हा वाद हवेत सुटत नाही. म्हणून एकाच माणसाची हकीकत जरा नीट पाहू.

उत्तर युगांडातल्या आचोली मुलखातला डॉमिनिक ओंगवेन शाळेच्या वाटेवर असताना जोसेफ कोनीच्या बंडखोर टोळीच्या हाती सापडला. हीच टोळी पुढे ‘लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी’ या नावाने कुप्रसिद्ध झाली. २६ जानेवारी २०१५ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयापुढे ओंगवेन पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा त्याने सांगितले की, १९८८ साली मला पळवले आणि तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. न्यायाधीशांनी पुढे पुरावा चाळून काढलेला निष्कर्ष वेगळा होता : साल १९८७ आणि वय नऊच्या आसपास. ज्या वयावर सगळा वाद उभा आहे, त्या वयाचा धड दाखलासुद्धा नाही. जिथे जन्माची नोंद होत नाही तिथे बालपण कधी संपले हे तरी कोण सांगणार?

पळवून नेलेल्या मुलाचे पुढे काय होई हे शेकडो जणांनी नंतर सांगितले आहे. आधी वेताचा मार. मग शियाच्या बियांचे तेल अंगाला फासायचे. हे तेल लागलेला कुठेही पळाला तरी सापडतोच, अशी समजूत मुलांच्या मनात भरवली जाई. आणि पळताना कोणी खरोखर सापडलाच, तर त्याला मारायचे काम कोनीची मोठी माणसे करीत नसत. ते काम बाकीच्या मुलांना लावले जाई. कधी अनोळखी मुलाला मारायचे, कधी आपल्याच गावच्या. यामागचा हिशेब साधा होता. ज्याच्या हातून एवढे घडले तो घरी कोणत्या तोंडाने जाणार? मुलाच्या पायात बेडी घालावी लागत नव्हती. युनिसेफच्या अंदाजाने बंडाच्या दोन दशकांत पंचवीस हजारांहून अधिक मुले अशी पळवली गेली.

ओंगवेन तिथेच वाढला, हुद्दे चढला, आणि सिनिया नावाच्या ब्रिगेडचा प्रमुख झाला. ऑक्टोबर २००३ ते जून २००४ या काळात पाजुले, ओडेक, लुकोडी आणि आबोक या विस्थापितांच्या चार छावण्यांवर हल्ले झाले. ओडेक हे खुद्द कोनीचे जन्मगाव, पण तेही सुटले नाही. एकट्या लुकोडीत किमान ४८ माणसे मारली गेल्याची नोंद निकालपत्रात आहे. हल्ला झाला की वायरलेसवरून वरिष्ठांना हिशेब जाई : किती मारले, काय लुटले, किती धरून आणले. ही बोलणी युगांडाचे लष्कर आणि गुप्तचर चोरून ऐकत आणि वह्यांत उतरवून ठेवत. त्या वह्या दहा-बारा वर्षांनी हेगला पुरावा म्हणून आल्या. ४ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायालयाने ओंगवेनला ६१ गुन्ह्यांत दोषी ठरवले. त्याच्यावर जबरदस्ती होती आणि त्याचे मन ताळ्यावर नव्हते, हे बचावाचे दोन्ही मुद्दे फेटाळले गेले. शिक्षेच्या वेळी बचाव पक्षाने फार तर दहा वर्षे म्हटले, फिर्यादी पक्षाने किमान वीस, पीडितांच्या वकिलांनी जन्मठेप. न्यायालयाने मे महिन्यात पंचवीस वर्षे दिली. तिघांतल्या एका न्यायाधीशाला तीस हवी होती. अपील डिसेंबर २०२२ मध्ये संपले आणि २०२३ च्या डिसेंबरात त्याला शिक्षा भोगायला नॉर्वेला पाठवण्यात आले.

‘बालसैनिकाला शिक्षा’ अशा मथळ्यांनी तेव्हा जगभर खळबळ झाली. ते मथळे अर्धेच खरे होते. हेगच्या न्यायालयाला १ जुलै २००२ च्या आधीचे काही तपासताच येत नाही, आणि गुन्हा करताना जो अठराच्या आत होता त्याला त्या न्यायालयापुढे उभेच करता येत नाही. २००२ मध्ये ओंगवेन चोविशीचा होता. म्हणजे नवव्या वर्षापासून सतराव्या वर्षापर्यंत त्याने काय केले, कोणाला मारले, हे त्या कोर्टात कोणी विचारलेच नाही. शिक्षा झाली ती पंचविशीतल्या सेनाधिकाऱ्याला. त्याचे बालपण विचारात आले ते शिक्षा किती द्यायची एवढ्यापुरते. आणि ते आले म्हणूनच जन्मठेप टळली, हे निकालात स्पष्ट आहे.

आम्हाला हा निकाल योग्य वाटतो. कारण सांगतो. त्या ६१ गुन्ह्यांत लहान मुलांना टोळीत ओढण्याचा गुन्हा आहे, आणि पळवलेल्या मुलींना जबरदस्तीने बायका करून ठेवण्याचाही. त्याच्या स्वतःच्या घरात डांबलेल्या सात स्त्रियांच्या साक्षी झाल्या. त्यांतल्या काही जणी पळवल्या गेल्या तेव्हा अगदी लहान होत्या. लादलेल्या गर्भारपणाचा गुन्हा त्या न्यायालयात पहिल्यांदा सिद्ध झाला तो याच खटल्यात. ओंगवेनला ‘तोही एक पळवलेले पोर’ म्हणून सोडायचे, तर या मुली कोण होत्या? त्याचे बालपण हिरावले गेले याचे दुःख खरे मानणाऱ्याला त्यांचे बालपण बाजूला सारता येणार नाही. एकाच रानात, एकाच टोळीने ओढून नेलेली ही माणसे. दयेचा सगळा ओघ त्यांतल्या एकट्या पुरुषाकडे का वळतो, याचा विचार बाललढवय्यांवर कळवळून लिहिणाऱ्यांनी एकदा करायला हवा.

आता कोणी म्हणेल, हे चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यासारखे झाले. कोनीवर २००५ पासून अटकेचे वॉरंट आहे आणि तो अजून हाती लागलेला नाही. २०२५ च्या सप्टेंबरात त्याच्यावरच्या आरोपांची सुनावणी हेगला घ्यावी लागली तीही त्याच्या गैरहजेरीत. चोर सुटला ही गोष्ट खरी. पण ओंगवेन काही संन्यासी नव्हे.

इथवर प्रश्न वाढलेल्या माणसाचा होता. आता माफीकडे येऊ, कारण खरी गफलत तिथे आहे.

युगांडाच्या संसदेने २००० साली माफीचा कायदा केला. शस्त्र खाली ठेवा, बंड सोडल्याचे जाहीर करा, प्रमाणपत्र घ्या आणि घरी जा. हजारो माणसे त्या कायद्याने रानातून परत आली, त्यांत कितीतरी पळवलेली मुले होती. कायद्याने जीव वाचले यात शंका नाही, आणि त्याची मागणी उत्तरेतल्या धर्मगुरूंनी आणि गावच्या जुन्याजाणत्यांनीच लावून धरली होती. आपलीच पोरे रानात आहेत, लष्कर त्यांच्यावर गोळ्या झाडते आहे, तर ती परत यावीत कशी, ही त्या आईबापांची विवंचना. पण कागदावर माफी कोणी दिली? सरकारने. ज्या सरकारला नऊ वर्षांचे पोर शाळेच्या वाटेवर राखता आले नाही, त्याने. याच सरकारच्या हुकमाने उत्तरेतली गावेच्या गावे छावण्यांत कोंबली गेली. ऐन भरात अठरा लाखांच्या आसपास माणसे तिथे दाटीवाटीने राहत होती. संरक्षणासाठी म्हणून उभारलेल्या त्या छावण्याच लुटल्या आणि जाळल्या गेल्या. २००४ च्या सुमारास सुमारे चाळीस हजार मुले रोज संध्याकाळी गोधडी काखोटीला मारून मैलोन्‌मैल चालत गुलूसारख्या शहरांत येत, बसथांब्यावर, दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपत आणि पहाटे परत गावी जात. का, तर रात्री घरी झोपले तर टोळी उचलून नेईल. मुले स्वतःची राखण स्वतः करीत होती. अशा सरकारने लुकोडीतल्या विधवेच्या वतीने माफी जाहीर करणे म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र.

आणि ते तुळशीपत्रही सरसकट नव्हते. थॉमस क्वोयेलो हाही असाच लहानपणी पळवलेला, पुढे अधिकारी झालेला. २००९ मध्ये तो पकडला गेला. त्याने माफी मागितली, ती नाकारली गेली. घटनात्मक न्यायालयाने ती द्या म्हटले, सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले. त्याच्याहून वरच्या हुद्द्याचे काहीजण तोवर प्रमाणपत्र घेऊन मोकळे फिरत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये गुलूच्या न्यायालयाने त्याला ४४ गुन्ह्यांत दोषी धरले आणि ऑक्टोबरात चाळीस वर्षे ठोठावली. फाशी टळण्याच्या कारणांत, तो कोवळ्या वयात टोळीत ओढला गेला हेही एक होते. पंधरा वर्षे माणूस कच्च्या कैदेत. माफीचा निकष गुन्हा नव्हता, पश्चात्ताप तर नव्हताच; कोण कधी सापडला आणि तेव्हा सरकारला कोणाची गरज होती, यावर ती ठरली.

मग आचोली माणसे माफ करीत नाहीत का? करतात, पण त्यांची माफी फुकटची नसते. रानातून आलेल्या मुलाला घरात घेण्याचा त्यांचा विधी पाहण्यासारखा आहे. उंबऱ्यापाशी कच्चे अंडे, ओपोबो नावाच्या झाडाची बुळबुळीत फांदी आणि कणगीचे झाकण उचलून धरायची काठी ठेवतात. परत आलेला त्या अंड्यावर पाय देतो, अंडे फुटते, आणि तो आत येतो. अंडे निर्मळपणाचे, ओपोबोची फांदी मळ काढणारी, आणि कणगीची काठी ही, या घरच्या दाण्यावर तुझा पुन्हा हक्क आहे, हे सांगणारी. हा झाला घरात घेण्याचा विधी. त्याने खुनाचे पाप फिटत नाही, आणि तसे कोणी आचोली म्हणतही नाही. खुनासाठी दुसरा विधी आहे, मातो ओपुत. त्यात मारणाऱ्याच्या कुळाने आधी गुन्हा कबूल करायचा, कोण, कुठे, कसे मारले ते सांगायचे. मध्यस्थांच्या किती बैठकी होतील सांगता येत नाही. मग भरपाई ठरते आणि ती सगळ्या कुळाने वर्गणी काढून भरायची. हे सगळे पार पडल्यावर दोन्ही कुळांची माणसे ओपुत झाडाच्या कडू मुळीचा रस एका भांड्यातून पितात. कडू घोट शेवटी येतो. कबुली आणि भरपाई त्याच्या आधी.

परदेशी पाहुण्यांना बहुधा तो शेवटचा घोटच तेवढा दिसला. त्यावरून ‘आफ्रिकेची क्षमाशील परंपरा’ असे बरेच भाबडे लिखाण झाले. ओंगवेनच्या वकिलांनी शिक्षेच्या वेळी हाच विधी पुढे केला, न्यायालयाने तो मानला नाही. आम्हालाही ते पटते, कारण त्या माणसाने कबुलीच कुठे दिली होती? खटल्याच्या पहिल्या दिवशी, डिसेंबर २०१६ मध्ये, आरोप टोळीवर आहेत, माझ्यावर नाहीत, अत्याचार माझ्यावरही झाले, असा त्याचा पवित्रा होता. शिवाय आबोक हे लांगो मुलखातले गाव. तिथल्या मृतांचा निवाडा शेजारच्या आचोलींच्या रिवाजाने का व्हावा?

तर मग अठराच्या आतल्यांचे काय? इथे सिएरा लिओनचा दाखला घ्यावा लागतो. तिथल्या यादवीत मुलांनी जे केले ते वाचताना आजही घास घशाखाली उतरत नाही. कोपरापासून तोडू की मनगटापासून, असे विचारून लोकांचे हात तोडले गेले, आणि कोयता धरणारे कधी कधी बारा-तेरा वर्षांचे असत. तिथे संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने विशेष न्यायालय बसले तेव्हा मुलांवरही खटले व्हावेत असे तिथल्या लोकांतूनच म्हणणे आले होते. त्या न्यायालयाच्या नियमांत पंधरा ते अठरा वयाच्या आरोपीला उभे करण्याची सोय होती, मात्र तुरुंगात टाकण्याची नव्हती. मुख्य अभियोक्ता डेव्हिड क्रेन यांनी २००२ मध्येच जाहीर केले की मी एकाही मुलावर खटला भरणार नाही. ज्यांनी ही मुले वापरली ते मला हवेत. मुलांच्या जबान्या सत्यशोधन आयोगाने घेतल्या, नावे न फोडता, बंद खोलीत. आणि २००७ मध्ये, मुलांना सैन्यात ओढल्याबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयातली पहिली शिक्षा झाली ती याच न्यायालयात, मोठ्या माणसांना.

क्रेन यांचा निर्णय बरोबर होता असे आमचे मत आहे. मुलाला निवड नव्हती हे तर आहेच. पण दुसरेही आहे. खटला ज्या पायावर उभा राहतो तो पाया इथे मुळातच नाही. बरेवाईट शिकवणारे घर आधी जाळायचे, मग बरेवाईट न कळल्याबद्दल त्या पोराला पिंजऱ्यात उभे करायचे, हा न्याय नव्हे. अमेरिकेने अफगाणिस्तानात पकडलेल्या पंधरा वर्षांच्या ओमर खद्र या कॅनडाच्या मुलाला ग्वांतानामोत डांबून लष्करी आयोगापुढे नेले. त्यातून निष्पन्न काय झाले, तर २०१७ मध्ये कॅनडा सरकारला त्याची माफी मागून नुकसानभरपाई द्यावी लागली.

मात्र खटला नको म्हणणे वेगळे आणि घडलेच नाही असे वागणे वेगळे. सिएरा लिओनमध्ये सात हजारांच्या आसपास मुलांची शस्त्रे काढून घेतली गेली, त्यांना शाळा मिळाली, हातात हुन्नर मिळाला. मिळायलाच हवे होते. पण फ्रीटाउनच्या मरे टाउन छावणीतली हात तुटलेली माणसे हे बघत होती आणि विचारत होती की कोयता ज्याने चालवला त्याला सुतारकी शिकवता, आणि माझा हात गेला, मला काय शिकवणार? या प्रश्नाला मुलांच्या पुनर्वसनवाल्यांनी कधी धड उत्तर दिले नाही. मुलावरचा खटला टळण्याची किंमत ज्याचा हात गेला त्यानेच मोजायची, असा सौदा होत असेल तर त्याला माफी म्हणू नये. ती सक्ती झाली. माफी हात गेलेल्याच्या पदरची असते. त्याने ती द्यावी, उशिरा द्यावी, किंवा मरेपर्यंत देऊ नये.

हे सगळे दूर आफ्रिकेतले, असे समजून पान उलटण्याची सोय महाराष्ट्राला नाही. गडचिरोली आणि पलीकडच्या छत्तीसगडात माओवाद्यांचे बाल संघम होते. नाचगाण्यांपासून सुरुवात, मग निरोप पोचवणे, मग पहारा, मग बंदूक. आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे ८३ वे कलम अशा संघटनांसाठीच आहे : मुलाला वापरणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड. त्याच कायद्याचे १५ वे कलम म्हणते की सोळा ते अठराचा मुलगा निर्घृण गुन्ह्यात सापडला तर त्याला मोठ्यांप्रमाणे चालवायचे का, हे मंडळाने तपासावे. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या बलात्कार प्रकरणानंतरच्या संतापातून हे दुसरे कलम आले. आता भामरागडच्या रानात सोळा वर्षांचा मुलगा दलमसोबत, म्हणजे माओवाद्यांच्या सशस्त्र तुकडीसोबत, बंदुकीनिशी सापडला, तर तो कोणत्या कलमातला? वापरला गेलेला की निर्घृण? एकाच कायद्याच्या दोन पानांवर त्याची दोन चित्रे आहेत, आणि बहुतेक वेळा पकडणाऱ्याला त्याचे वय काय वाटले यावर सगळे ठरणार.

राज्यात २००५ पासून आत्मसमर्पण योजना आहे. तिने अनेकजण परत आले आणि त्यांना पैसे, घर, रोजगार मिळावा हेही रास्त आहे. परतलेल्यांत तेराव्या-चौदाव्या वर्षी दलममध्ये गेलेले किती, आणि पंचविशीनंतर स्वतः हुकूम देणारे झालेले किती, हा भेद कागदावर तरी व्हायला हवा. आणि ज्या घरातला माणूस ‘पोलिसांचा खबऱ्या’ म्हणून रात्री बाहेर ओढून मारला गेला, त्या घराला कोणी समोर बसवून सांगितले का, की तुमच्या दारी कोण आले होते आणि हुकूम कोणाचा होता? आत्मसमर्पणाच्या समारंभात व्यासपीठावर फुले असतात, संविधानाची प्रत असते. त्या घरच्यांची खुर्ची तिथे असावी, आणि यायचे की नाही ते त्यांनी ठरवावे.

शेवटी पैशाचे बोलू, कारण न्यायाची गाडी हमखास तिथेच अडते. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी हेगच्या न्यायालयाने ओंगवेनच्या पीडितांसाठी भरपाईचा आदेश काढला. अंदाजे ४९,७७२ पीडित. प्रत्येकाला ७५० युरो, म्हणजे तेव्हाच्या दराने आपले सत्तर हजार रुपयांच्या आसपास. शिवाय सामूहिक पुनर्वसनाला दीड कोटी युरो. एकूण रक्कम सव्वापाच कोटी युरोंच्या घरात जाते. हे देणे ओंगवेनच्या नावावर, आणि ओंगवेन कफल्लक. म्हणून न्यायालयाच्या पीडित न्यासाने देणग्या मिळवून पैसे उभे करायचे, असे ठरले. न्यासाकडे एवढी शिल्लक नाही. वृद्ध, आजारी आणि अगदीच हलाखीत असलेल्यांना आधी द्यावे असे आदेशातच आहे, कारण वाट पाहता पाहता माणसे संपतात हे न्यायाधीशांनाही ठाऊक होते. जी श्रीमंत राष्ट्रे दर वर्षी या तारखेला निवेदने काढतात, त्यांच्यासाठी ही रक्कम किरकोळ आहे. लुकोडीत जाऊन एखाद्या बाईला ‘त्याला माफ केले का’ असे विचारायची ज्याला घाई असेल, त्याने निघण्याआधी तिचे ७५० युरो पोचले का, याची चौकशी करावी.